खुलासा : लघवीच्या गळतीवरची 'पट्टी' बंद झालेली नाही

'अमेरिकेने जाळीवर बंदी घातली, लघवी गळण्यावरची पट्टी दोन-चार वर्षांत निकामी होते', असा मेसेज सध्या फिरतोय. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल 2019 मध्ये विक्री थांबवली ती योनीमार्गातून बसवायच्या, कृत्रिम धाग्यांनी विणलेल्या मोठ्या जाळीची. ती अंग बाहेर येण्यावर वापरत. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना होणाऱ्या गळतीसाठी मूत्रनलिकेखाली बसवतात ती तशाच जाळीची, पण जेमतेम सेंटीमीटरभर रुंद पट्टी. त्या आदेशात ती नव्हती. ब्रिटनमध्ये मात्र 2018 पासून या पट्टीच्या वापरालाही स्थगिती दिली गेली, तेव्हा भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

आता टिकण्याबद्दल. स्वीडन-फिनलंडमध्ये ही पट्टी बसवलेल्या पहिल्या रुग्णांपैकी 17 वर्षांनी तपासलेल्या दहातल्या नऊ जणींना खोकल्यावर गळती होत नव्हती. पण हे निवडक केंद्रांचे आकडे. अनेक अभ्यास एकत्र पाहणाऱ्या कॉक्रेन या संशोधन संस्थेच्या आढाव्यात पाच वर्षांनंतर बरे वाटणाऱ्यांचे प्रमाण 43 ते 92 टक्के इतके पसरलेले आहे. म्हणजे फायदा बहुतेकदा टिकतो, प्रत्येकीचा टिकेलच असे नाही.

पट्टी योनीच्या भिंतीतून बाहेर येऊन उघडी पडणे साधारण शंभरात दोघींना होते. जांघेतून घातलेल्या पट्टीत जांघदुखी जास्त. दुखणे, रक्तस्राव, लघवी अडकणे यांपैकी काही जाणवले तर 'वयामुळे असेल' म्हणून अंगावर काढू नका. आणि घाई लागून वाटेतच लघवी होत असेल, तर तो त्रास वेगळा. त्यावर ही पट्टी उपाय नाही. शस्त्रक्रियेआधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम निदान तीन महिने नीट शिकून करून बघावेत.