हुतात्म्यात साक्षीदार नाही

'हुतात्मा म्हणजे शहीदचं मराठी भाषांतर' हे लेखातलं वाक्य पटलं नाही. शहीद अरबी, मुळाशी साक्ष. उर्दूत शहादत म्हणजे आजही साक्ष. इंग्रजी 'मार्टर' ज्यातून आला तो ग्रीक 'मार्टिस'सुद्धा मूळचा साक्षीदारच. हुतात्म्यात मात्र साक्षीदार नाही, अग्नी आहे. 'हु' धातू, म्हणजे होमात अर्पण करणे. हुत, आहुती, होम सगळे त्याच घरचे. आमच्या वास्तुशांतीला गुरुजी पळीने तूप सोडत 'आहुती द्या' म्हणाले, तर धाकटी मोठ्याने विचारते, "हुतात्मा राजगुरूंमधला 'हुत' हाच का?" पन्नाशीत मला तो शब्द तेव्हा कुठे फोडून दिसला!

आणि लेखात एक राहिलंच. दोन्ही शब्द मेलेल्यांसाठी. विचारापायी छळ सोसून जगलेल्यांना काय म्हणायचं? पुण्यातल्या भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली, तिथे शिकवायला जाताना सावित्रीबाईंवर लोक शेणमाती फेकत. बुधवार पेठेतून जाताना दर वेळी ते आठवतं. ख्रिस्ती परंपरेत छळातून जिवंत राहिलेल्यांना वेगळा शब्द आहे. मराठीत एका शब्दात? मला तरी सुचला नाही. लेखकाला सुचतोय का?