पीसीटीचा आकडा बघून पेशंट घरी नेऊ नका

बीड-परभणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सेप्सिसच्या, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडायला लागलेल्या, पेशंटचं पीसीटी (प्रोकॅल्सिटोनिन, संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन) 10 च्या वर गेलं तर पेशंट वाचत नाही, घरी न्या. 0.5 च्या खाली असेल तर ॲडमिट करायची गरज नाही. लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पोचलं की रक्तात वाढणारा घटक) वाढलं की आशा सोडा. आणि तपासण्या परत सांगितल्या तर ते डॉक्टरचं कमिशन. मी आयसीयूत काम करते. बिलाच्या धास्तीत बसलेल्या घराला हा मेसेज लगेच पटतो, म्हणून लिहिणं भाग आहे.

"10 च्या वर म्हणजे संपलं." साफ चूक. मुतखडा अडकून किडनीत पू झाला तर हा आकडा 50 च्याही पुढे जातो. नळी टाकून लघवी मोकळी केली, अँटिबायोटिक लागू पडलं, की तो साधारण दिवसागणिक निम्म्यावर येतो. बघायचा तो हा उतार. अमेरिकेतल्या मोझेस नावाच्या अभ्यासात (2017) चौथ्या दिवसापर्यंत आकडा 80 टक्क्यांहून जास्त उतरला, त्यांच्यातले 10 टक्के पेशंट 28 दिवसांत दगावले. तेवढा उतरला नाही, त्यांच्यातले 20 टक्के. धोका दुप्पट, कबूल. पण आकडा हट्टाला पेटलेल्या शंभरातलेही ऐंशी जगले. त्यांना पहिल्या रिपोर्टवरच घरी नेलं असतं तर?

"0.5 च्या खाली म्हणजे निर्धास्त." मला याची जास्त भीती वाटते. संसर्ग झाल्यावर पीसीटी चढायला काही तास लागतात. कापूस वेचताना पायात काटा मोडलेली, शुगर असलेली बाई लवकर आली तर रिपोर्ट साधाच येऊ शकतो. तेव्हा बाईकडे बघा: श्वास मिनिटाला 22 किंवा जास्त, वरचं बीपी 100 किंवा कमी, बोलणं असंबद्ध. यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता 108 ला फोन लावा. अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे पीसीटीवर ठरवू नये, असं 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

लॅक्टेट 2 च्या वर असेल तर काळजी करावीच. पण फिट येऊन गेली, लिव्हर बिघडलं, तरी ते वाढतं. म्हणून दोन-चार तासांनी परत बघतात. सोबत बोटाचं टोक दाबून सोडतात. पांढरं पडलेलं बोट तीन सेकंदांत लाल झालं नाही तर रक्त नीट पोचत नाहीये. याला पैसा लागत नाही.

कमिशनचं म्हणाल, तर पीसीटी महाग आहे आणि रोज लागतंच असं नाही. "आज कशासाठी?" हे हक्कानं विचारा. पण उतरलेल्या पीसीटीमुळे अँटिबायोटिक वेळेत बंद करता येतं, तो खर्चही वाचतो. आणि संभाजीनगरला किंवा लातूरला रेफर केलं तर आधीचे रिपोर्ट तारीख-वेळेसकट सोबत न्या. पहिला आकडा हाताशी नसेल तर उतार मोजायचा कशावरून?