भरलेल्या कचरापेटीशेजारची पिशवी

समुद्रकिनाऱ्यावर कचरा कोण करतो, असे विचारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस उभा राहतो: रिकामी बाटली भिरकावून देणारा, बेफिकीर, कोणाचे ऐकून न घेणारा. असा माणूस असतोच. पण स्वच्छता मोहिमांच्या निमित्ताने अनेक सकाळी वाळूत वाकून कचरा वेचल्यानंतर माझा राग त्याच्यावरून सरकून भलत्याच माणसापाशी येऊन थांबला आहे. हा दुसरा माणूस सुसंस्कृत असतो. तो आपल्या कुटुंबाचा सगळा कचरा एका पिशवीत भरतो, पिशवीला गाठ मारतो, कचरापेटीपर्यंत चालत जातो, पेटी काठोकाठ भरलेली पाहतो, आणि पिशवी पेटीच्या पायथ्याशी ठेवून निश्चिंत मनाने घरी जातो. काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही हेच करत होते, हे आधीच सांगून टाकते.

त्या पिशवीचे पुढे काय होते, हे आपण कधी पाहत नाही, कारण ते आपण निघून गेल्यावर घडते. अन्नाचा वास लागलेली पिशवी कावळ्यांना, कुरवांना आणि उंदरांना फाडायला फार वेळ लागत नाही. त्यानंतर काम सुरू होते वाऱ्याचे. सूर्यास्तानंतर जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते, आणि आकाश निरभ्र असेल तर रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. शाळेच्या भूगोलात शिकलेले हेच ते मतलई वारे. म्हणजे संध्याकाळी पेटीशेजारी ठेवलेली पिशवी रात्री फुटते, तेव्हा तिच्यातली पातळ वेष्टने आणि कागदी पेले पाण्याच्या दिशेने निघालेले असतात. सकाळी सफाई कामगार येतो तेव्हा त्याच्या हाती उरते ती जड आणि ओली वस्तू. हलके ते केव्हाच गेलेले असते.

भरती-ओहोटीचा हिशेबही असाच फसवा आहे. रोजच्या भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत पडलेला कचरा कित्येक दिवस जागचा हलत नाही, आणि मग अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास उधाण आले की पाणी नेहमीपेक्षा वर चढून तो एका रात्रीत ओढून नेते. दुसऱ्या दिवशी येणाऱ्याला किनारा स्वच्छ दिसतो आणि कोणीतरी झाडून घेतले असावे, असे त्याला वाटते. कोणीही झाडलेले नसते.

पाण्यात गेलेल्या वस्तूंची वाटही एक नसते. पेयाच्या प्लास्टिक बाटलीचेच पाहा. बाटलीचे प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे झाकण निघालेली बाटली पाण्याने भरली की तळाशी जाते. झाकणाचे प्लास्टिक मात्र पाण्यापेक्षा हलके असते. ते तरंगत दूर जाते आणि पक्ष्यांच्या पोटातही सापडते. एकाच हातातून सुटलेल्या वस्तूचे दोन तुकडे दोन ठिकाणी दोन प्रकारचे नुकसान करतात. युरोपीय संघाने जुलै 2024 पासून पेयाच्या तीन लिटरपर्यंतच्या प्लास्टिक बाटल्यांचे झाकण बाटलीला जोडलेलेच राहिले पाहिजे, असा नियम लागू केला. झाकण नाकाला टोचते म्हणून त्याची पुष्कळ थट्टा झाली, पण मुठी भरभरून झाकणे वेचलेल्या कोणालाही तो नियम हास्यास्पद वाटणार नाही.

सिगारेटच्या थोटकाविषयी तर गैरसमजच आहे. त्याचा मऊ पांढरा भाग कापसाचा किंवा कागदाचा असावा, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो बहुधा सेल्युलोज अॅसिटेट या प्लास्टिकच्या तंतूंचा असतो, आणि धुरातली विषद्रव्ये त्यातच अडकलेली असतात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, लिटरभर पाण्यात एक ओढलेले थोटूक या प्रमाणाने बनवलेल्या अर्कात दोन जातींचे निम्मे मासे चार दिवसांत मेले. समुद्रात अर्थातच कितीतरी अधिक पाणी असते. खडकांच्या खळग्यांत ओहोटीनंतर साचून राहणारे पाणी मात्र फार नसते, आणि माणसे निवांत बसून धूम्रपान करतात ती नेमकी त्या खडकांवरच.

‘हा सगळा कचरा समुद्रच आणून टाकतो, पर्यटकांना का दोष देता?’ हा प्रश्न मला प्रत्येक वेळी ऐकावा लागतो, आणि तो अगदी निराधार नाही. दक्षिण प्रशांत महासागरातल्या हेंडरसन या निर्मनुष्य बेटावर 2015 साली पाहणी झाली, तेव्हा तिथल्या किनाऱ्यांवर सुमारे 3 कोटी 77 लाख प्लास्टिकचे तुकडे असल्याचा अंदाज संशोधकांनी काढला. तिथे कोणी सहलीला गेले नव्हते. पण वाहून आलेला कचरा आणि मागे ठेवलेला कचरा यांत फरक ओळखता येतो. वाहून आलेल्या वस्तू घासलेल्या, रंग उडालेल्या, कधी शेवाळ किंवा कवचाचे बारीक समुद्री जीव चिकटलेल्या असतात आणि भरतीरेषेवर ओळीने पसरलेल्या दिसतात. मागे ठेवलेल्या वस्तूंवरचा छापील मजकूर वाचता येतो. त्या पायवाटेशी, वाहनतळाशी, झाडांच्या सावलीत आणि सूर्यास्त पाहण्याच्या जागी सापडतात. समुद्र एवढा चोखंदळ नसतो.

मग पेट्या वाढवाव्यात का? जरूर वाढवाव्यात, आणि सुटीच्या दिवशी त्या दोनदा रिकाम्या कराव्यात. परंतु गर्दीच्या दिवशी कितीही पेट्या भरतात, आणि पेटी भरल्यानंतरच्या प्रश्नाला नवी पेटी हे उत्तर होऊ शकत नाही. पेटीशेजारी पहिली पिशवी ठेवली गेली की इथे ठेवलेले चालते, असा निरोप पुढच्या माणसाला मिळतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसले होते: परिसर आधीच घाण असेल तर हातातला कागद खाली टाकणाऱ्यांचे प्रमाण वाढते. म्हणून ती पहिली, नीट गाठ मारलेली पिशवी मला भिरकावलेल्या बाटलीपेक्षा अधिक घातक वाटते. भिरकावलेली बाटली पाहून इतरांना निदान संकोच वाटतो. पिशवी पाहून त्यांना सोय झाल्यासारखे वाटते.

स्वच्छता मोहिमांचा मला अभिमान आहे, तरी त्यांच्याविषयी एक तक्रारही आहे. भरलेल्या पोत्यांसमोर काढलेल्या आमच्या छायाचित्रांमुळे, या कचऱ्याला कोणीतरी वाली आहे, असा समज पसरतो. खरे तर आम्ही उचलतो ते बोटांना सापडते तेवढेच. तापलेल्या वाळूत उन्हाने ठिसूळ झालेले प्लास्टिक धरताच चुरते, आणि तो चुरा वाळूतून वेगळा करणे माझ्या तरी आवाक्याबाहेरचे आहे. यंत्राने किनारा विंचरला, तर कचऱ्याबरोबर वाहून आलेले समुद्री शेवाळही जाते, आणि त्या शेवाळाखाली राहणाऱ्या बारीक जीवांवर पोसणाऱ्या पक्ष्यांची उपासमार होते.

आता मी निघण्यापूर्वीच शक्य तेवढी वेष्टने घरी काढून ठेवते आणि घट्ट झाकणाचा एक रिकामा डबा बरोबर नेते. परतीच्या प्रवासात गाडीत वास येतो, अशी कुरकुर घरच्यांनी सुरुवातीला केली. डबा आल्यापासून ती थांबली. मागच्या खेपेस एक गृहस्थ पेटीशेजारी पिशवी ठेवत होते, तेव्हा मी त्यांना वाऱ्याचे आणि पक्ष्यांचे सांगितले. ते दुखावले. ‘निदान इथपर्यंत तरी आणली ना!’ असे म्हणून ते निघून गेले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांना पुढची माहिती कोणी दिलीच नव्हती. पेटीमागच्या फलकावर ‘कचरा टाकू नये’ एवढेच लिहिलेले होते, आणि आपण कचरा टाकत आहोत असे त्यांना वाटतच नव्हते. त्या फलकावर पेटी पुन्हा केव्हा रिकामी होणार आणि पुढचे उधाण कोणत्या तारखेला आहे, या दोन गोष्टी लिहाव्यात, असे माझे किनाऱ्यांची व्यवस्था पाहणाऱ्यांना सांगणे आहे. उधाणाच्या तारखा तर वर्षभर आधीच छापलेल्या मिळतात.