मालकाचे उत्तर: ते नऊ दिवस

नमस्कार सर,

आपला एक स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. 'स्टिअरिंगसाठी गाडी दिली, नऊ दिवस अडकवून ठेवली, तरी स्टिअरिंग वाकडंच. ट्रकचे एक्सल उतरवणाऱ्यांनी जर्मन गाडीला हात लावू नये,' असं आपण लिहिलं आहे. आपल्याला त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी. एप्रिलमध्ये आपण प्रथम आलात तेव्हा आमच्या कामावरच्या मुलाने चाक हलवून न बघताच गाडी अलाइनमेंटला घेतली, ही आमची चूक. टाय रॉडमध्ये, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यात, प्ले (ढिलेपणा) असताना अलाइनमेंट टिकत नसतं, हे त्याला मी तेव्हाच सुनावलं.

पण सर, नऊ दिवसांचं तेवढं बोलू द्या.

गाडी सोमवारी सकाळी अकराला आली. आपले ड्रायव्हर म्हणाले, पूर्ण कट मारला की डावीकडून कटकट आवाज येतो. दुपारपर्यंत गाडी लिफ्टवर होती. पुढचं डावं चाक तीन-नऊला धरून हलवलं तर टाय रॉड खेळत होता, बारा-सहाला हलवलं तर खालच्या आर्मचा (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट. एक्सलचा बाहेरचा रबर बूट फाटून सगळं ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं, जॉइंट कोरडा. या सगळ्याचा व्हिडिओ आणि एस्टिमेट आपल्याला सोमवारीच संध्याकाळी सव्वासहाला व्हॉट्सॲपवर गेलं. निळ्या टिका सातच्या आत आल्या. उत्तर आलं शुक्रवारी दुपारी, तेही एकाच शब्दाचं: 'डिस्काउंट?' मधल्या दिवसांत मी तीनदा फोन केला. आपण मोठ्या कामात असणार, मला समजतं. पण आपण हो म्हटल्याशिवाय महागडा पार्ट मागवला आणि नंतर आपण नको म्हणालात, तर तो मी कुणाच्या गाडीत बसवू?

शनिवारी आपण 'करा' म्हणालात. रविवारी मुंबईतलं पार्टचं दुकान बंद. सोमवारी ऑर्डर दिली, मंगळवारी दुपारी पार्ट नाशिकला आला, बुधवारी संध्याकाळी गाडी आपल्या ड्रायव्हरच्या ताब्यात. म्हणजे नऊ रात्रींपैकी पाच आपल्या उत्तराची वाट बघण्यात गेल्या आणि रविवारची एक दुकान बंद म्हणून. माझ्याकडे उरतात तीन. आता नऊ दिवस कोणाच्या नावावर लिहायचे, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

घाई करता येत नाही, असंही एक कारण आहे. आर्मचे रबरी बुश चाक हवेत लटकत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून मगच ते आवळायचे असतात. एक्सलचा नटही दुसऱ्यांदा वापरत नाहीत, नवाच लावतात आणि टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळतात. हे मी ट्रकचे एक्सल उतरवतच शिकलो, वडिलांच्या हाताखाली, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

खड्ड्यात गाडी कधीच गेली नाही म्हणता, तर डाव्या रिमच्या आतल्या कडेला अंगठ्याएवढा पोचा कशाचा? शिवाय मूळ 19 इंची चाकं काढून आपण 21 इंची घातलीत, टायरची साइडवॉल (रिम आणि रस्ता यांच्यामधली रबराची उंची) तेवढी कमी. कसारा घाट उतरून वडप्यापासून ठाण्यापर्यंत पावसाळ्यातला रस्ता कसा असतो, हे नाशिककरांना मी काय सांगू.

पार्किंगमध्ये पूर्ण वळवल्यावर पुढचे टायर उड्या मारतात, ही आपली दुसरी तक्रार. ते रुंद टायर थंड असताना होतं: घट्ट वळणात आतलं-बाहेरचं चाक वेगवेगळ्या वर्तुळावर फिरतं, आणि कोन नेमका जुळला नाही की रबर घासत, सटकत जातं. आमच्या कामाचा दोष नव्हे.

स्टिअरिंगची दांडी सरळ रस्त्यावर किंचित डावीकडे राहते, हे मात्र खरं. स्टिअरिंग मध्यावर धरून अलाइनमेंट नीट करायला हवं होतं आणि मग अँगल सेन्सर (स्टिअरिंग किती वळलं ते मोजणारा) पुन्हा कॅलिब्रेट करायला, बुधवारच्या गडबडीत ते राहिलं. ते सपशेल मान्य.

रिव्ह्यूनंतर दोन बुकिंग रद्द झाली सर. माझ्याकडे चार मुलं कामाला आहेत, आणि आपण ज्याला सगळ्यांसमोर 'गावठी' म्हणालात तो त्यातलाच एक. दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

यापुढे एस्टिमेटच्या उत्तराची काहीतरी व्यवस्था करतोय, वेटिंगमध्ये पंखाही लावतोय. शनिवारी दुपारनंतर गाडी पाठवा, अर्ध्या तासात दांडी सरळ करून देतो, पैसे नाहीत. जुना एक्सल आणि टाय रॉड आपल्या नावाची चिठ्ठी लावून खोक्यात ठेवले आहेत. शक्य झालं तर स्वतः या, हातात घेऊन बघा.

आपला नम्र,
गॅरेज मालक, सातपूर