घडीच्या दरवाजात पिन कुठे बसते : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

घडीच्या दरवाजांच्या (म्हणजे एकमेकींना जोडलेल्या झडपा दुमडत वरच्या रुळावरून बाजूला सरकणाऱ्या दरवाजांच्या) बिजागऱ्यांवरील माझ्या लेखावर आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : साध्या सुतारकामाचा मी उगाच भूमितीचा तास केला; चौकटीलगत अर्ध्या रुंदीची झडप लावण्याचा माझा सल्ला दिसायलाही वाईट आणि लाकूड वाया घालवणारा आहे; आपल्या मेस्त्रींनी दिवाणखाना आणि गच्ची यांच्यामध्ये सारख्या रुंदीच्या सहा झडपांचा दरवाजा नेहमीच्या बट बिजागऱ्या (एका पिनेभोवती फिरणाऱ्या दोन पात्यांच्या) लावून केला असून तो उत्तम चालतो; आणि दरवाजा जड झालाच, तर जोडाला तीनऐवजी पाच बिजागऱ्या किंवा सरळ पूर्ण उंचीची पियानो बिजागरी (एकच सलग लांब बिजागरी) लावली की काम भागते. शिवाय एकाआड एक बिजागरी बाहेरच्या अंगाला आल्याने चोराला पिन ठोकून काढता येईल, असा धोकाही आपण दाखवला आहे. हा शेवटचा मुद्दा खरा आहे आणि त्यावर उपायही आहे, तो पुढे सांगतो. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र आपले आणि माझे जमत नाही, आणि त्याचे कारण एकच आहे : आपण बिजागरीकडे वजन पेलणारी वस्तू म्हणून पाहत आहात.

एका झडपेच्या दरवाजात ते बरोबरच आहे. तिथे पिन दोन मिलिमीटर आत गेली किंवा बाहेर आली, तरी सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. घडीच्या दरवाजात प्रत्येक झडप दोन्ही कडांनी शेजारच्या झडपांना बांधलेली असते आणि वरून रुळातल्या चाकालाही जखडलेली असते, त्यामुळे तिला आपल्या मर्जीने फिरायला जागाच उरत नाही. अशा साखळीत बिजागरी किती जाड आहे यापेक्षा तिची पिन नेमकी कोणत्या रेषेवर उभी आहे, यावर दरवाजाचे चालणे ठरते.

आधी अर्ध्या झडपेविषयी. घडीचा दरवाजा टांगण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत प्रत्येक झडपेच्या मधोमध चाक असते आणि घडी घालताना झडप निम्मी रुळाच्या आत, निम्मी बाहेर जाते. दुसरीत चाके एकाआड एक जोडांवर असतात आणि घडी पडल्यावर सगळा गठ्ठा रुळाच्या एकाच बाजूला उभा राहतो. माझा लेख पहिल्या रीतीबद्दल होता. त्या रीतीत ६०० मि.मी. रुंदीची पूर्ण झडप चौकटीच्या उभ्याला जोडली, तर घडी पडताना तिचे मोकळे टोक रुळापासून ६०० मि.मी. दूर जाते. तिथून परत येणाऱ्या दुसऱ्या झडपेचे चाक त्या टोकापासून अवघ्या ३०० मि.मी.वर आहे, म्हणजे ते रुळापर्यंत पोहोचतच नाही. पहिली झडप ३०० मि.मी.ची ठेवली की हिशेब जुळतो. म्हणून ३.३ मीटरच्या रुंदीत एक अर्धी आणि पाच पूर्ण झडपा येतात. हा शोभेचा प्रश्न नाही. अर्धी झडप काढली तर दरवाजा दुमडणारच नाही. तसेच या अर्ध्या झडपेची चौकटीकडची पिन तिच्या जाडीच्या मधोमध, रुळाच्या बरोबर खाली हवी. नेहमीची बट बिजागरी इथे चालत नाही, कारण तिची पिन झडपेच्या पृष्ठभागावर येते. वर आणि खाली खुंटीवर फिरणारी झडप करावी, आणि ३०० मि.मी. मोजायचे ते झडपेच्या कडेपासून नव्हे, खुंटीच्या मध्यापासून मोजावे. ३५ मि.मी. जाडीच्या झडपेत खुंटी कडेपासून २० मि.मी. आत घेतली, तर फिरताना कोपरा चौकटीला घासू नये म्हणून सुमारे ७ मि.मी. फट ठेवावी लागते. तेवढी फट नको असेल, तर कडेला गोलाई द्यावी.

आता आपल्या दरवाजाविषयी. सहा सारख्या झडपा आणि तरीही तो विनातक्रार चालतो, याचा अर्थ त्याची चाके मधोमध नसून दुसऱ्या आणि चौथ्या जोडावर व शेवटच्या कडेला असावीत. उघडल्यावर सगळ्या झडपा गच्चीच्या (किंवा दिवाणखान्याच्या) बाजूलाच उभ्या राहत असतील, तर ते नक्कीच तसे आहे. आपल्या मेस्त्रींनी काम बरोबरच केले आहे, फक्त ते दुसऱ्या रीतीचे आहे. त्या रीतीत बिजागरीवर वजन येते, हेही मान्य. ६०० × २१०० मि.मी. आकाराची, ३५ मि.मी. जाडीची भरीव सागवानी झडप साधारण ३० किलो भरते. घडी पडल्यावर दोन झडपांचे ६० किलो वजन रुळापासून ३०० मि.मी. बाहेर लोंबते. वरच्या आणि खालच्या बिजागरीत १६५० मि.मी. अंतर धरले, तर वरच्या टोकाला सुमारे ११ किलोंची आडवी ओढ बसते आणि खाली तितकाच दाब येतो. तिथे जाड पात्याची बिजागरी आणि लांब स्क्रू हवेतच. पहिल्या रीतीत मात्र प्रत्येक झडप आपापल्या मध्यावर तोललेली असते. तिचे वजन थेट चाकावर जाते आणि बिजागरीला फक्त वाट दाखवायची असते. अशा ठिकाणी तीनाच्या पाच बिजागऱ्या केल्याने हाती काहीच लागत नाही.

उलट नुकसान होण्याचा संभव आहे. एका जोडावरच्या सगळ्या पिना एका सुतात असल्या, तरच झडप हलकी फिरते. दोन पिना नेहमीच एका रेषेत असतात; तिसरी आणायला मेहनत लागते आणि पाच आणायला हात फार चांगला लागतो. एखादी दीड मिलिमीटरने जरी सुताबाहेर गेली, तरी प्रत्येक घडीला ती बाकीच्यांशी झगडत राहते, आणि तो झगडा शेवटी स्क्रूच्या भोकांत उतरतो. पियानो बिजागरीची अडचण याच जातीची आहे. तिची पिन पूर्ण उंचीभर सरळ असते, पण २१०० मि.मी. लांबीची लाकडी कड कायम सरळ राहीलच असे नाही. पावसाळ्यात पट्टीला किंचित बाक आला की बारीक पिन जागोजागी आवळली जाते. प्लायवूडच्या हलक्या, घरातल्या पार्टिशनला ती छान शोभते; गच्चीच्या दाराला मी लावणार नाही.

ज्या गोष्टीसाठी मी तो लेख लिहिला, ती पिनेच्या खोलीची. घडी पडताना दोन झडपांची जी अंगे एकमेकांना भिडतात, त्या अंगाच्या पृष्ठभागावर पिनेचा मध्य हवा, म्हणूनच बिजागऱ्या एका जोडाला आतून आणि पुढच्या जोडाला बाहेरून लावाव्या लागतात. पिन पृष्ठभागाच्या ५ मि.मी. पुढे राहिली, तर घडीत दोन झडपांमध्ये १० मि.मी. अंतर उरते, गठ्ठा थोडा जाड होतो, एवढेच. पण पिन आत गेली की खेळ वेगळा होतो. पिन जिच्यात असते ती बिजागरीची नळी बाहेर दिसू नये म्हणून खाच जरा खोल मारून बिजागरी लाकडात बसवण्याची हौस अनेक कारागिरांना असते, आणि ग्राहकालाही ते नेटके वाटते. समजा, पिन पृष्ठभागापासून २ मि.मी. आत आहे आणि दोन झडपांमध्ये ३ मि.मी. फट आहे. झडपा सरळ रेषेत असताना त्यांच्यातला कोन १८० अंश असतो. घडी घालायला लागल्यावर तो १०६ अंशांवर आला की दोन्ही झडपांचे कोपरे एकमेकांवर टेकतात. म्हणजे निम्मी घडीही पडलेली नसते. घरातल्या माणसाला हे कळत नाही. त्याला दरवाजा फक्त 'जरा जाम' वाटतो आणि तो जोर लावतो. त्याचा हात पिनेपासून ६०० मि.मी.वर आहे आणि टेकलेला कोपरा पिनेपासून अडीच मिलिमीटरवर. तरफेचा हा हिशेब दोनशे चाळीस पटींचा आहे. हाताने पाच किलोंचा जोर लावला, तर कोपऱ्यावर बाराशे किलोंइतका भार येऊ पाहतो, आणि अर्थातच त्याआधी स्क्रू लाकडातून उपटून येतात. मग बिजागरी हलक्या प्रतीची होती असे ठरते, अधिक जाड बिजागरी येते आणि जुन्या खाचेतच बसवली जाते. बिजागरी निकामी झाल्याच्या ज्या तक्रारी मी जवळून पाहिल्या, त्यांपैकी बऱ्याच या खाचेच्या होत्या, पोलादाच्या नव्हत्या. आपल्याकडे पोलादी बट बिजागऱ्यांसाठी आयएस १३४१ आणि पियानो बिजागऱ्यांसाठी आयएस ३८१८ ही मानके आहेत. पण शिक्क्याची उत्तम बिजागरी आणली, तरी ती किती खोल बसवायची ते सुताराच्या पटाशीवरच ठरते.

जाता जाता, पिन दोन्ही पृष्ठभागांवर एकाच वेळी ठेवण्याची युक्ती जपानी कारागिरांनी फार पूर्वी साधली होती. तिथल्या घडीच्या पडद्यांना मुरोमाची काळात (चौदावे ते सोळावे शतक) कागदाच्या बिजागऱ्या लावू लागले. कागदाची एक पट्टी एका चौकटीच्या पुढून दुसरीच्या मागे जाते आणि तिच्यालगतची पट्टी उलट दिशेने, त्यामुळे पडदा दोन्हीकडे दुमडतो आणि मध्ये फटही दिसत नाही. तीस किलोच्या झडपेला कागद पुरणार नाही हे उघड आहे, पण प्रश्न त्यांनी नेमका ओळखला होता.

लाकूड फुगण्याविषयी आपण लिहिले आहे की, प्रत्येक जोडात थोडी फट ठेवली की पावसाळ्याची काळजी नाही. हा समज सार्वत्रिक आहे आणि म्हणूनच तो थोडा सविस्तर तपासतो. सागवान आडव्या दिशेने ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे सुमारे ०.१९ टक्के फुगते. झडपेच्या दोन उभ्या पट्ट्या प्रत्येकी १०० मि.मी. रुंद धरल्या आणि लाकडातला ओलावा ५ टक्क्यांनी वाढला, तर झडप जवळजवळ २ मि.मी. रुंद होते (मधला पॅनेल खाचेत मोकळा असल्याने तो धरायचा नाही). अर्धी झडप धरून सहा झडपांचे मिळून ११ मि.मी. होतात. आता बिजागरीचे पाते झडपेच्या कडेवरच स्क्रूने आवळलेले असते. कड सरकली की बिजागरीही तिच्याबरोबर सरकते, आणि दोन झडपांमधली फट होती तेवढीच राहते. ती वाढ जोडात जिरत नाही. सगळीच्या सगळी साखळीच्या शेवटी, कडी लागते त्या बाजूला येऊन साठते. तिथे जागा नसेल, तर दरवाजा पूर्ण सरळ होत नाही, नागमोडी उभा राहतो. ३.३ मीटरच्या दरवाजात या ११ मि.मी.मुळे प्रत्येक जोड रुळाच्या रेषेपासून सुमारे २४ मि.मी. आत किंवा बाहेर राहतो, आणि मग बोल्ट भोकात जाणार कसा? लोक अशा वेळी शेवटच्या झडपेला रंधा मारून घेतात आणि उन्हाळ्यात तिथे बोटभर फट पडली म्हणून पुन्हा सुताराला बोलावतात. त्यापेक्षा दरवाजा उन्हाळ्यात बसवत असाल, तर कडीच्या बाजूला १२ मि.मी. जागा सोडून ती चौकटीवरच्या पट्टीने झाकावी. कोकणात आणि मुंबईत ही जागा सोडण्याला पर्याय नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा. बिजागऱ्या एकाआड एक बाजूंना लावल्या की काहींच्या पिना बाहेर येणारच. झडपा बसवताना काढता येणाऱ्या पिनेची बिजागरी सोयीची असते, कारण प्रत्येक झडप स्वतंत्रपणे चाकाला अडकवून मग शेजारणीला जोडता येते. ती सोय फक्त आतल्या अंगाच्या जोडांना ठेवावी. बाहेरच्या जोडांना पिनेची दोन्ही टोके ठोकून बंद केलेली बिजागरी घ्यावी, किंवा पात्याच्या आतल्या बाजूने पिनेवर आवळला जाणारा बारीक स्क्रू असलेली. दरवाजा लावलेला असताना तो स्क्रू दोन झडपांमध्ये दडलेला राहतो. समुद्राजवळ घर असेल, तर या बाहेरच्या बिजागऱ्या ३०४ऐवजी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात, आणि स्क्रूही त्याच धातूचे.

आपल्या दरवाजाची एक गोष्ट मात्र पाहून कळवावी. आपण लिहिले आहे की, घडी घातल्यावर मधल्या दोन झडपांमध्ये मूठ अडकते म्हणून तो जोड पूर्ण मिटत नाही आणि मेस्त्री ती मूठ काढून टाकायला सांगतात. मूठ काढायची गरज नाही. मुठीची उंची ४० मि.मी. असेल, तर फक्त त्या एका जोडाला पिन पृष्ठभागापासून २० मि.मी.हून थोडी अधिक पुढे येईल अशी, रुंद पात्याची बिजागरी लावावी. बाकीचे जोड आहेत तसेच राहू द्यावेत. मुठीसमोरच्या झडपेवर आणखी काही बसवलेले असल्यास त्याचीही उंची धरावी. पिन पुढे गेल्याने शेजारच्या चाकाची जागाही थोडी बदलेल, तेव्हा नवी बिजागरी कायमची आवळण्याआधी दोन-दोन स्क्रूंवर ठेवून एकदा पूर्ण घडी घालून पाहावी.