महिला शेतकरी प्रशिक्षण केंद्र बांधताय? आधी कुलूप घ्या

सगळ्यात आधी अभिनंदन. निधी मंजूर करून आणणं म्हणजे काय असतं, हे मुंबईच्या फेऱ्या मारलेल्यालाच कळतं. त्यात वेळही बरोबर साधलीत. 2026 हे संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. आता नारळ नाही फोडायचा तर कधी? मी कोल्हापूर जिल्ह्यात अशी दोन-तीन केंद्रं उभी राहताना बघितली आहेत, एकाच्या समितीवर चहा-बिस्किटापुरता होतोही. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो. पटल्या तर घ्या. नाही पटल्या तरी तुम्ही करणार हेच आहात, तेव्हा ऐकून घ्यायला काय जातंय.

जागेपासून सुरुवात करू. गावाच्या मध्यावर अजिबात नको. तिथं बांधलंत तर बायका चालत येतील आणि एकदा आल्या की रोज येतील. त्यापेक्षा गावाबाहेरचं गायरान बघा, एसटीच्या थांब्यापासून चांगलं दोन किलोमीटर आत. गायरान नसेल तर नदीकाठी एखादा मोकळा तुकडा असतोच. तो इतकी वर्षं मोकळा का राहिला, असलं विचारू नका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटाला गेलं की इशारा आणि 43 फुटाला धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण अंदाजपत्रक काही पाठांतरावर होत नाही. 2005, 2019, 2021 अशी तीनदा पंचगंगा घरात येऊन गेली. चौथ्यांदा आली तर तिच्यासाठी एक नवीन हॉल नको का? शिवाय पूर ओसरला की दुरुस्तीचं अंदाजपत्रक वेगळं करता येतं.

इमारतीबद्दल फार सांगत नाही, ठेकेदार तुमचाच पाहुणा असणार. कमान मोठी करा. संडास नकाशात नक्की दाखवा. नकाशातला संडास कधी तुंबत नाही आणि त्याला पाणीही लागत नाही. पाळणाघर म्हणून एक खोली ठेवा, पुढं त्यात खुर्च्या चांगल्या मावतात. कोनशिलेवर वीस-बावीस नावं बसतील एवढी जागा ठेवा आणि त्यात एक नाव बाईचं असू द्या. सरपंचबाईंचं चालेल. 2011 पासून आपल्याकडं पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यामुळं हे नाव शोधायला त्रास पडत नाही. कार्यक्रमात त्यांच्या यजमानांना मात्र पहिल्या रांगेत बसवा. बाईंनी काय बोलायचं ते त्यांनाच माहीत असतं.

उद्घाटनाला पाच सुवासिनी लागतील, औक्षणाला. आता गावात बघायला गेलं तर नवऱ्यामागं एकटीनं शेत ओढणारी, खतासाठी सोसायटीत रांग लावणारी, रात्रीच्या लाईटीला बॅटरी घेऊन पाणी पाजणारी बाई बहुतेक वेळा विधवाच असते. म्हणजे ज्या अर्थानं तुम्ही ‘महिला शेतकरी’ म्हणताय, त्या अर्थानं खरी मानकरी तीच. म्हणून तिला मागं बसवा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं 2022 साली ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि पुढं सरकारनंही बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं, पण हेरवाडचं हेरवाडपाशी. आपल्या ताटात हळदी-कुंकू आहे ना, झालं तर.

शाहू महाराजांचा फोटो लावायचाच आहे, फक्त जरा उंचावर लावा. या माणसानं 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोर शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. असला माणूस डोळ्यांच्या रेषेत आला की भाषण अडखळतं.

आता खरा मुद्दा, प्रवेशाचा. इथं लक्ष देऊन ऐका, कारण इथं चुकलात तर केंद्र बायकांनी भरून जाईल.

अर्जाला सातबारा जोडायला सांगा. बस. बाकी काही अट घालायची गरजच नाही. केंद्र महिला शेतकऱ्यांचं. शेतकरी कोण, तर सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो. आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे काय? देशात खेड्यापाड्यात काम करणाऱ्या दर चार बायकांतल्या तिघी शेतीत राबतात. आणि 2015-16 च्या कृषिगणनेत शेती जिच्या नावानं चालते अशा बायका शंभर वहितीदारांत जेमतेम चौदा. उरलेल्या काय करतात? ‘मदत’ करतात. आपल्याकडं बाई भांगलते, टोकणते, खत विस्कटते, पाचट ओढते, वैरण आणते, धारा काढते, आणि मग विचारलं की तिचा मालक सांगतो, “घरातच असती. शेतात जरा मदत करती.”

एका केंद्रावर मी टेबलाशेजारी बसलो होतो. पन्नाशीच्या एक मावशी आल्या. थेट उसातनंच आल्या असणार, कारण लुगड्यावर मालकाचा जुना फुल शर्ट तसाच होता, बाह्यांची बटणं मनगटाला लावलेली. तरी हाताच्या पाठीवर पाचटाचे चरे होतेच, काही जुने, काही आजचे. क्लार्कनं वर न बघता विचारलं,

“सातबारा?”

“त्येंच्या नावावर हाय.”

“मग तुम्ही शेतकरी नाही, मावशी.”

“मग मी कोण?”

क्लार्कनं खरोखर अर्ज उलटापालटा करून बघितला. प्रामाणिक पोरगं होतं. “गृहिणी लिहू?”

“लिव की. आनि खाली आसंबी लिव, दीड एकराची भांगलण ऱ्हायलीया. ती कोण करनार त्याचंबी नाव लिव.”

अर्जात तेवढी जागा नव्हती. तुम्हीही ठेवू नका.

या सातबाऱ्याच्या भानगडीत मागं काही लोकांनी उगाच लुडबुड केलेली आहे, तेवढी माहीत असू द्या. शेतकरी संघटनेनं 1986 साली चांदवडला लाखांनी बायका जमवल्या आणि पुढं ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणून घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करा, असं गावोगाव सांगत सुटले. 1992 साली सरकारनंही नवऱ्याच्या बरोबरीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचं परिपत्रक काढलं. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका वाटा महाराष्ट्रानं 1994 लाच दिला, देशाला त्यासाठी 2005 उजाडावं लागलं. एवढं सगळं होऊनही घाबरायचं कारण नाही. आपल्याकडं हक्कसोडपत्र नावाची सोय आहे. बाप गेला की दिवसकार्य उरकून बहिणींना जीपमध्ये घालून तालुक्याला न्यायचं, एक साडी, एक जेवण, आणि सही. जिनं सही नाही केली तिला पुढच्या दिवाळीला भाऊबीजेचं बोलावणं येत नाही, हेही तिला माहीत असतं.

तेव्हा अभ्यासक्रमात ‘महिलांचे कायदेविषयक हक्क’ असं एक सत्र जरूर ठेवा, निधीच्या अटीत ते असतंच. ठेवा जेवणानंतर तीन वाजता, पंखा नसलेल्या हॉलमध्ये. वक्ता म्हणून तालुक्यातले जे वकील हक्कसोडपत्रं करून देतात त्यांनाच बोलवा. विषयाचा अनुभव दांडगा असतो त्यांचा.

वेळ ठेवा अकरा ते पाच. सरकारी वेळ आहे, कुणी बोट दाखवणार नाही. बाईचा दिवस पहाटे शेणाच्या पाटीनं सुरू होतो. मग धारा, मग डेअरीची रांग. म्हशी ती सांभाळते, फॅट कमी लागली की बोलणी ती खाते, आणि दुधाचं बिल जमा होतं सभासदाच्या खात्यावर. सभासद म्हणजे सकाळी पारावर पेपर वाचत बसलेले गृहस्थ. डेअरीवरनं आली की भाकऱ्या, डबा, मग दिवसभर दुसऱ्याच्या नाहीतर स्वतःच्या, म्हणजे मालकाच्या, शेतात. संध्याकाळी परत धारा. अकरा ते पाच यात कुठंच बसत नाही, म्हणून ती वेळ उत्तम. महिना निवडताना जून-जुलै सोडू नका. इकडं सोयाबीन-भुईमुगाची टोकण, तिकडं राधानगरी-गगनबावड्यात चिखलात भाताची लावण. पंधरा दिवस हॉल रिकामा राहिला की अहवालात एक ओळ टाकायला मोकळे: ‘महिलांमध्ये प्रशिक्षणाबाबत उदासीनता आढळून आली.’

शिकवायचं काय? शिवणकाम. का, ते विचारू नका. शेतकरी बाई म्हटलं की शिलाई मशीन, हे कुठंतरी वर ठरलेलं आहे. त्याच्या जोडीला पापड, लोणचं, आणि कोल्हापुरात केंद्र असेल तर चटणी. एका केंद्रात बाहेरच्या जिल्ह्यातनं आलेले एक सर पडद्यावर चित्रं दाखवून आमच्या बायकांना कांदा-लसूण चटणी शिकवत होते. ज्या बायका दर उन्हाळ्यात जवारी आणि ब्याडगी मिरची किती-किती घालायची यावर जावा-जावांत आठवडाभर अबोला धरतात, त्या चाळीस जणी गप्प बसून ऐकत होत्या. सरांनी कढईतला कांदा खाली उतरवला तशी मागनं एक आजी म्हणाली, “सर, आजून वला हाय त्यो. तसाच डंकात घातला तर दोन म्हैन्यात बुरशी धरंल.” सर हसले आणि म्हणाले, प्रश्न शेवटी घेऊ. आजींचा तो प्रश्न नव्हता, पण असो.

बायकांना काय शिकवायचं नाही, ही यादी जास्त महत्त्वाची. मोटारीचा स्टार्टर उघडायला शिकवू नका. लाईट रात्री येते आणि मोटार रात्रीच बंद पडते, तेव्हा शेजारच्या अण्णांना हाक मारण्यात जी माया आहे ती वायरिंगमध्ये नाही. ट्रॅक्टर तर नकोच. माती परीक्षणाचा कागद वाचायला शिकवू नका, नाहीतर शिरोळकडची एखादी विचारेल की रान क्षारपड होईस्तोवर पाणी आणि पोती ओतायचा सल्ला कुणाचा होता. फवारणीचा पंप 16 लिटरचाच दाखवा, भरला की पाठीवर वीसेक किलो होतो. तो तिनं उचलून बघितला आणि ठेवला, की लगेच लिहायचं: बायकांना यंत्र झेपत नाही. बाईच्या खांद्याच्या मापाचा पंप असू शकतो, हे कुणी बोलायचं नाही.

एक यंत्र मात्र घ्याच, ड्रोन. सरकारची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना आहे, 15,000 बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलंय, किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाख रुपयांपर्यंत मदत, आणि गटातल्या एका बाईला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. डोक्याच्या वर गेलेल्या उसात माणूस पंप घेऊन शिरूच शकत नाही, तिथं ड्रोन खरोखर कामाचा आहे. म्हणूनच तो जपायचा. हार घालायचा, दीदीचा हात रिमोटवर आणि साहेबांचा हात दीदीच्या रिमोटवर असा फोटो काढायचा आणि कपाटात ठेवायचा. किल्ली शिपायाकडं. शिपाई शेजारच्या गावचा घ्या, म्हणजे फोन केल्यावर ‘निघालोच’ म्हणायला सोपं जातं. मधल्या काळात हॉल साखरपुड्याला, बारशाला देता येतो, तेवढीच महिलांची वर्दळ राहते.

15 ऑक्टोबरला महिला किसान दिवस असतो. त्या दिवशी कुलूप काढा. झाडून घ्या. झाडायला चार बायका बोलवा, म्हणजे उपस्थितीचा प्रश्नही सुटला.

आता शेवटची सूचना. बारीक वाटेल, पण आमच्या समितीला ती फार महागात पडली. केंद्राच्या पुढं ओटा ठेवू नका.

आमच्या त्या केंद्राला दारापुढं लांबलचक ओटा होता, वर पत्र्याची सावली. कुलूप आत, ओटा बाहेर; कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेजारच्या रानात उसाची लागण चालली होती. दुपारी बायका भाकरी सोडायला तिथं येऊन बसल्या. खर्डा-भाकरी झाली. एक नवीन सून होती, तिचं माहेर कोकणातलं, ऊस कधी हातात धरलेला नाही, सकाळपासनं बोलणी खात होती. तिला त्या मघाच्याच मावशींनी, फुल शर्टवाल्या, जवळ बसवलं. कोयत्यानं एक कांडं तोडलं आणि तिच्या तळहातावर आडवं ठेवून फिरवलं. “ह्यो डोळा बग. एक डोळ्याची टिपरी लावताना डोळा वर. दोन डोळ्याची आसली तर दोन्ही बगलंला, एक हिकडं, एक तिकडं. खाली दाबलास तर बिचारं मातीतनं वळसा घालून वर येतंय, मागं पडतंय.” मग तिच्याकडनं ओट्यावरच्या धुळीत चार-पाच टिपऱ्या मांडून घेतल्या. दुसऱ्या एकीनं खताच्या पोत्याचा भाव काढला, तिसरीनं सोसायटीच्या व्याजाचा हिशोब बोटांवर करून दाखवला, आणि एकजण म्हणाली, माझ्या भावानं सही मागितलीया, मी अजून दिली न्हाई. त्यावर बराच वेळ कुणी उठलं नाही.

उपस्थितीपत्रक नाही. फोटो नाही. चहाचं बिल नाही. वक्त्याचं मानधन नाही. सांगा, हे लेखापरीक्षणात दाखवायचं कुठल्या रकान्यात? पुढच्याच बैठकीत समितीनं ठराव केला आणि ओट्याला लोखंडी जाळी मारून घेतली, वर आणखी एक कुलूप. खर्च जरा जास्तच झाला. तुम्ही नकाशातच ओटा काढून टाका, जाळीचे तेवढे पैसे वाचतील.