‘नोकरी सोडली की आधी पीएफ काढा’ म्हणणाऱ्यांना

पहिली नोकरी बदलणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो : ‘पीएफ म्हणजे पगारातून झालेली वजावट. कंपनी सोडली की व्याज बंद होतं, पैसे अडकतात. दोन महिन्यांनी सगळे काढून घ्या, नव्या कंपनीत नवं खातं मिळतंच.’ तीन वाक्यांत चार चुका.

‘वजावट.’ मूळ पगार 15,000 धरू. तुमचे 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये कापले जातात आणि कंपनी आणखी 1,800 घालते. कंपनीच्या वाट्यातले 1,250 पेन्शन योजनेत जातात, 550 पीएफमध्ये. म्हणजे महिन्याला 2,350 रुपये पीएफमध्ये साठतात. शिवाय मृत्यू झाल्यास घरच्यांना 7 लाखांपर्यंत विमा मिळतो, त्याचा हप्ता कंपनी भरते. ‘कंपनीचा वाटाही सीटीसीतूनच (कंपनीनं ठरवलेल्या तुमच्या एकूण वार्षिक पॅकेजमधूनच) जातो’ हा आक्षेप बहुतेक ठिकाणी खरा आहे. पण म्हणूनच तो पैसा तुमचा आहे, सोडून कशाला द्यायचा?

‘व्याज बंद होतं.’ होत नाही. वयाच्या 58 पर्यंत शिल्लक रकमेवर व्याज जमा होतं. नोकरी नसलेल्या काळातलं व्याज करपात्र ठरतं, एवढाच फरक. 2024-25 चा दर 8.25 टक्के होता. वरच्या हिशेबानं दोन वर्षांत खात्यात सुमारे 61,000 होतात. चोविसाव्या वर्षी ते तसेच राहू दिले आणि दर हाच टिकला, तर 58 व्या वर्षी ती रक्कम नऊ लाखांच्या घरात जाते. दर दरवर्षी ठरतो, त्यामुळे हा आकडा अंदाजापुरताच.

‘सगळे काढून घ्या.’ इथे सर्वात जास्त नुकसान होतं. पहिलं म्हणजे, दोन महिन्यांची अट बेरोजगारीची होती. दुसरी नोकरी लागलेल्याला पूर्ण रक्कम काढण्याचा हक्कच नव्हता, हे फॉरवर्ड करणारे सांगत नाहीत. त्यातही ऑक्टोबर 2025 मध्ये ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, विश्वस्त मंडळानं ही मुदत पूर्ण पीएफसाठी 12 महिने आणि पेन्शनच्या रकमेसाठी 36 महिने करायचं ठरवलं. अर्जाआधी ईपीएफओच्या पोर्टलवरचा चालू नियम वाचा.

दुसरं, नोकरीची पाच वर्षं व्हायच्या आत काढलं आणि रक्कम 50,000 किंवा जास्त असली, तर 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) जातो. पॅन जोडलेलं नसेल तर 20. म्हणजे 61,000 मधले साधारण 6,100 तिथेच गेले. कर लागत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतात, पण तेवढी खटपट आलीच. पैसे न काढता खातं नव्या कंपनीत ट्रान्सफर केलं तर मागच्या कंपनीची वर्षं पाचात धरली जातात.

तिसरं पेन्शन. तिला दहा वर्षांची सेवा लागते. फॉर्म 10सी भरून पेन्शनची रक्कम उचलली की ती दोन वर्षं पुसली जातात. ट्रान्सफरनंतर पासबुकात पेन्शनचा रकाना शून्य दिसला तर घाबरू नका. तिथे पैसे नाही, सेवेचा काळ पुढे जातो.

‘नवं खातं.’ नवा मिळतो तो मेंबर आयडी. यूएएन, म्हणजे तुमचा 12 आकडी पीएफ नंबर, जन्मभर एकच. रुजू होताना फॉर्म 11 मध्ये ‘आधी पीएफ होता का’ याला ‘नाही’ लिहिलं की दुसरा यूएएन तयार होतो आणि मग दोन्ही जुळवताना नाकी नऊ येतात.

‘पैसे अडकतात’ यात मात्र तथ्य आहे, फक्त कारण वेगळं. एक, कंपनी कापते पण भरत नाही. पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरणा व्हायला हवा. पासबुक दर तिमाहीला उघडून पाहा, पगारपत्रकाशी ताडून घ्या. दोन, आधार आणि पीएफमधलं नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही. तीन, जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीख टाकलेलीच नसते. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने झाले की पोर्टलवर ‘मॅनेज’मधल्या ‘मार्क एग्झिट’वरून ती स्वतः टाकता येते. तारीख टाकताना नीट बघा : ती नव्या कंपनीच्या रुजू तारखेनंतरची पडली की दोन नोकऱ्या एकमेकींवर चढतात आणि ट्रान्सफरच्या वेळी खुलासा द्यावा लागू शकतो. तारीख टाकून झाली की ‘वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट’मधून ट्रान्सफरचा अर्ज करा.

या सगळ्याला ओटीपी लागतो तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. तो नंबर कंपनीच्या सिमचा असेल, तर सिम परत करण्याआधी आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या.